‘फायनल झाल्यावर पेमेंट’ म्हणजे नेमकं कधी?

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी कामगारांची प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणली. मशीन कसं सुरू करायचं, हात कुठे घालायचा नाही, आपत्कालीन बटण कुठे असतं, असा १४० पानांचा मजकूर. सगळं फोनवर ठरलं: पानाला अमुक रुपये आणि ‘फायनल झाल्यावर पेमेंट’. सहा आठवड्यांत मी काम दिलं. पुस्तिका छापली गेली, कारखान्यात वाटली गेली. पैसे मात्र चौदा महिन्यांनी आले, तेही थोडे कापून. अकाउंट्समधल्या बाई दर वेळी एकच सांगायच्या, “मॅडम, आमच्याकडे फायनल अप्रूव्हल आलेलं नाही.” त्या खरंच बोलत होत्या. ते अप्रूव्हल कुणी द्यायचं आणि किती दिवसांत द्यायचं हे कुठेच ठरलेलं नव्हतं. ज्या साहेबांनी काम दिलं होतं त्यांची मधल्या काळात बदली झाली होती.

तेव्हापासून मी स्वतःचे आणि मैत्रिणींचे जेवढे करार वाचले, ते एकाच प्रश्नाने वाचले: यातला कोणता शब्द कुणाच्या मर्जीवर सोडलेला आहे? ‘समाधानकारक’, ‘आवश्यक ते बदल’, ‘लवकरात लवकर’, ‘योग्य मोबदला’. असा शब्द सापडला की तिथे तारीख, आकडा किंवा डोळ्यांना दिसेल अशी वस्तू बसवायची. स्वतंत्रपणे काम करणारा माणूस आणि त्याला काम देणारा व्यवसाय यांच्यातल्या कराराचं बरंचसं मर्म मला यातच दिसतं. उरलेल्या पुष्कळ गोष्टी कायद्याने आधीच ठरवून ठेवल्या आहेत, पण त्या आपल्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात.

लेखी म्हणजे किती लेखी?

आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. दोन्ही बाजू सज्ञान असाव्यात, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, एवढं असलं की करार झाला. तो कागदावरच हवा अशी सर्वसाधारण सक्ती त्यात नाही. म्हणजे माझा फोनवरचा करारही करारच होता. अडचण पुराव्याची होती.

लेखी म्हणजे बॉण्ड पेपरच हवा, असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम १०-अ सांगतं की प्रस्ताव आणि स्वीकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्या कारणावरून करार अमान्य ठरत नाही. तुम्ही अटी मेलने पाठवल्या आणि समोरून “ठीक आहे, सुरू करा” असं उत्तर आलं, तर तुमच्या हातात करार आहे. व्हॉट्सॲपवरचा संवादही पुरावा होऊ शकतो. पण तो न्यायालयात दाखल करताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसून टाकू नका आणि जुना फोन विकण्याआधी विचार करा.

सविस्तर करार असेल तर स्टॅम्प घ्यावा. महाराष्ट्रात ‘शंभराचा बॉण्ड’ ही जुनी गोष्ट झाली. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक साध्या करारांना किमान ५०० रुपये मुद्रांक शुल्क लागतं. स्टॅम्प नसला म्हणून करार मरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मुद्रांक नसणं हा भरून काढता येणारा दोष आहे. फक्त तो कागद पुरावा म्हणून पुढे करायचा झाला, तर राहिलेलं शुल्क दंडासह भरावं लागतं. नोटरीचा शिक्का असला तर उपयोगी, पण त्याच्याशिवाय करार अपुरा राहत नाही.

काम ‘स्वीकारलं’ कधी धरायचं?

मी सर्वांत जास्त वेळ याच मुद्द्यावर घालवते, कारण पैसे इथेच अडकतात.

२००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा म्हणजे एमएसएमईडी कायदा. अनेक अनुवादक, डिझायनर, प्रोग्रॅमर यांना तो आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. उद्योग म्हणजे शेड, मशीन, दहा कामगार, असं चित्र डोक्यात असतं. पण या कायद्यात सेवा देणारेही येतात. घरातल्या टेबलावर एकटीने काम करणारी बाई ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून उद्यम नोंदणी करू शकते. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे. ती काम घेण्याआधी केलेली असावी. थकबाकी झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत.

या कायद्याने ‘स्वीकार’ या शब्दालाच तारीख जोडली आहे. तुम्ही काम दिल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरलं जातं. हरकत घेतली, तर ती तुम्ही दूर कराल तो दिवस स्वीकाराचा. पैसे देण्याची तारीख करारात लिहिलेली असेल तर त्या तारखेपर्यंत, पण स्वीकारापासून ४५ दिवसांच्या पुढे नाही. तारीख लिहिलेलीच नसेल तर १५ दिवसांत. छापील करारात ‘९० दिवसांत पेमेंट’ असं असलं, तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या बाबतीत कायदा वरचढ ठरतो.

उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. समजा बँक रेट साडेपाच टक्के असेल, तर व्याज साडेसोळा टक्क्यांनी चढतं. दाद मागायची तर सुविधा परिषद आहे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी यंत्रणा. अर्ज ऑनलाइन करता येतो. परिषदेचा निवाडा काम देणाऱ्याच्या विरुद्ध गेला आणि त्याला तो न्यायालयात रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. प्रत्यक्षात परिषदेतही वेळ जातो. पण माझ्या अनुभवात या कायद्याचा खरा जोर त्याआधीच जाणवतो. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्स विभाग तो पाहतो. १ एप्रिल २०२४ पासून त्याला आणखी एक कारण मिळालं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत चुकतं केलं नाही, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. मार्च महिन्यात जुनी बिलं अचानक निघू लागली, याचं कारण हे आहे.

माझ्या त्या पुस्तिकेच्या वेळी माझी नोंदणी नव्हती. चौदा महिने मी विनंतीच्या सुरात मेल लिहीत होते.

नोंदणी असो वा नसो, करारात हे वाक्य मी आता घालतेच: ‘मजकूर मिळाल्यापासून १० दिवसांत लेखी दुरुस्त्या कळवाव्यात, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, त्यानंतरच्या फेरीला पानाला इतके रुपये. १० दिवसांत काही न आल्यास मजकूर स्वीकारला असं समजण्यात येईल.’ डिझायनर मंडळींनी यात ‘ओपन फाइल’ (पुन्हा बदल करता येईल अशी मूळ फाइल) द्यायची की फक्त छपाईची पीडीएफ, हेही लिहावं. भांडणाचं ते ठरलेलं ठिकाण आहे.

काम मध्येच थांबलं तर काय, याचीही ओळ हवी. किती दिवसांची सूचना द्यायची आणि तोवर झालेल्या कामाचे पैसे कसे मोजायचे. अशी ओळ नसेल तर करार कायद्याचं कलम ७० थोडा आधार देतं: फुकट करण्याच्या हेतूने केलेलं नसलेलं काम एखाद्याने वापरलं, तर त्याने भरपाई द्यायला हवी. पण तो रस्ता दिवाणी दाव्याचा आहे. त्यापेक्षा सुरुवातीला ३० ते ५० टक्के ॲडव्हान्स घेणं बरं. जमिनीच्या व्यवहारात आपण इसार घेतो-देतो, कुणी त्याला अविश्वास म्हणत नाही.

पैसे दिले म्हणजे काम कुणाचं झालं?

आता काम देणाऱ्यांसाठी, कारण करार नसल्याचा फटका त्यांनाही बसतो. एखाद्या उद्योजकाने बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून ॲप लिहून घेतलं, सगळे पैसे दिले, लेखी काहीच नाही. कोड कुणाचा? कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की निर्माता हाच पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं. बाहेरच्या माणसाला हे लागू नाही. पैसे दिल्याने वापरण्याचा हक्क मिळाला असं मांडता येईल, पण मालकी लेखी आणि सही केलेल्या हस्तांतरणाशिवाय जात नाही. लेख, अनुवाद, सॉफ्टवेअर यांना हाच नियम.

छायाचित्राचं मात्र उलटं आहे. पैसे देऊन फोटो, चित्र किंवा फिल्म करून घेतली, तर वेगळं काही ठरलेलं नसताना पहिली मालकी करून घेणाऱ्याची. एकाच लग्नातल्या फोटोंचे हक्क घरच्यांकडे आणि निमंत्रणपत्रिकेसाठी रचलेल्या कवितेचे हक्क कवयित्रीकडे, अशी वाटणी होते. म्हणून फोटोग्राफरने आपलं काम नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी करारातच मागून घ्यावी.

हस्तांतरण करताना काम कोणतं, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला किती, हे पाचही लिहायचं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशात विकायचं पुस्तक किंवा ॲप असेल तर प्रकाशकाने आणि कंपनीने हे विसरू नये. आणि स्वतंत्र काम करणाऱ्यांनी एक वाक्य आग्रहाने घालून घ्यावं: ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.’ या एका ओळीने पैसे आणि मालकी यांची गाठ बांधली जाते. मालकी दिल्यावरही लेखकाला आपलं कर्तृत्व सांगण्याचा हक्क कलम ५७ ने ठेवलेला आहे. तरी नाव कुठे छापायचं ते लिहिलेलं चांगलं.

नागपूर आणि सिन्नरचे विडी कामगार

करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असं लिहिलं म्हणजे माणूस तसा होतो का? या प्रश्नावरचे आपल्याकडचे काही जुने, मोलाचे निकाल विड्या वळणाऱ्यांचे आहेत.

नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार कारखान्यात येऊन विड्या वळायचे आणि पैसे विड्यांच्या संख्येवर मिळायचे. केव्हाही यावं, केव्हाही जावं, अशी मुभा होती. पण हजेरी लागायची, दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नसे आणि दर्जा नसलेल्या विड्या बाद व्हायच्या. मालकाचं म्हणणं, ही स्वतंत्र माणसं आहेत. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सिन्नरच्या विडी कारखान्याच्या निकालात, वरवर तशाच दिसणाऱ्या परिस्थितीत, बहुमताने उलटा निर्णय आला: त्या माणसाला हजर राहण्याचं बंधन नाही, काम करताना देखरेख नाही, म्हणून तो फॅक्टरी कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. एकाच राज्यातले दोन कारखाने, एकच तंबाखू, आणि सुट्टी-भत्त्याचा हक्क एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही. १९६६ मध्ये संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यात घरी बसून वळणाऱ्यांनाही घेतलं.

पुढे १९७३ मध्ये दुकानात बसून, दुकानाच्या मशीनवर, नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांचा प्रश्न आला. त्यांना दुसरीकडेही काम करायची मोकळीक होती. तरी न्यायालयाने त्यांना नोकर मानलं. मशीन कुणाचं, जागा कुणाची, काम नाकारून पुन्हा करून घेण्याचा अधिकार कुणाचा, हे सगळं एकत्र बघायला हवं, असा त्याचा रोख होता.

आज शिवणयंत्राच्या जागी लॅपटॉप आला आहे. महिन्याला ठरलेली ‘प्रोफेशनल फी’, सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिसात, लॅपटॉप कंपनीचा, रजेला परवानगी, दुसरं काम घ्यायला बंदी, आणि करारावर मात्र ‘कन्सल्टंट’. अशा माणसाला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही. मला हे चुकीचं वाटतं आणि ते स्पष्ट म्हणायला हवं: कामाचा ताबा नोकरीसारखा हवा असेल तर नोकरीच द्यावी. कंपन्यांनाही यात धोका आहे. वाद उभा राहिला तर न्यायालय नावाऐवजी रोजचा व्यवहार बघतं. खऱ्या अर्थाने स्वतंत्र काम असेल तर करारातून ते दिसू द्या: काय द्यायचं आणि केव्हा हे ठरवा, कसं करायचं ते करणाऱ्यावर सोडा, इतर ग्राहक घेण्याची मोकळीक लिहा.

घाबरवणारी कलमं आणि खरोखर भारी पडणारी कलमं

‘करार संपल्यावर दोन वर्षं आमच्या क्षेत्रात दुसऱ्या कुणाचंही काम करणार नाही’ हे वाक्य वाचून अनेक जण चांगलं काम सोडतात. करार कायद्याचं कलम २७ व्यवसाय करण्यावरचं बंधन निरर्थक ठरवतं. आपल्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याचं प्रकरण प्रसिद्ध आहे. २००० साली त्याने पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. करार संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आमच्याकडे आणायचा, अशी त्यात अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कलम २७ मुळे लागू करायला नकार दिला. करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकू शकतं, आणि गोपनीयतेची अट करार संपल्यावरही पाळावीच लागते. दोन्हींत गल्लत करू नका.

उशिराबद्दल ‘दिवसाला इतका दंड’ लिहिलेला असतो. तिथेही कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा.

खरी भीती बाळगायची ती नुकसानभरपाईच्या कलमाची. ‘कोणत्याही प्रकारच्या, कितीही रकमेच्या नुकसानीस जबाबदार’ असं पंचवीस हजारांच्या कामाच्या करारात मी पाहिलं आहे. तिथे ‘जास्तीत जास्त जबाबदारी मिळालेल्या मानधनाएवढी’ अशी मर्यादा मागा. मागितल्यावर बहुतेक जण देतात, कारण तो करार त्यांनीही दुसरीकडून उचललेला असतो. लवादाचं कलम असेल तर लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा देणारा माणूस, कोण नेमणार ते बघा. हितसंबंध असलेल्या एकाच बाजूने एकटा लवाद नेमायचा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारली आहे. कोल्हापूरच्या माणसाच्या करारात ‘फक्त दिल्लीची न्यायालयं’ असं असेल तर प्रवासाचा खर्च आधीच मोजा.

कराची ओळ छोटी, पण महाग. ‘५०,००० रुपये’ एवढंच लिहिलं आणि तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत असाल, तर ते ‘अधिक जीएसटी’ की ‘जीएसटीसह’? १८ टक्के दराने पहिल्या अर्थाने तुमच्या हाती ५०,००० राहतात, दुसऱ्याने सुमारे ४२,३७३. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सेवा देणाऱ्यांना सहसा नोंदणीची गरजच नसते. टीडीएस व्यावसायिक सेवेसाठी १० टक्के कापतात, कंत्राटी कामासाठी व्यक्तीला १ टक्का. कोणत्या नावाखाली कापणार ते आधी विचारा. कापलेला पैसा तुमचाच असतो, तो तुमच्या कराच्या हिशेबात धरला जातो आणि जास्त कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो.

हल्ली मी काम सुरू करण्याआधी असा मेल पाठवते:

‘नमस्कार. आज फोनवर ठरल्याप्रमाणे: ८० पानांचा मजकूर मराठीत करून ३० तारखेपर्यंत वर्ड फाइलमध्ये देईन. पानाला ठरलेला दर, अधिक लागू असल्यास जीएसटी. ४० टक्के सुरुवातीला, उरलेले मजकूर स्वीकारल्यापासून ३० दिवसांत. दुरुस्त्या १० दिवसांत लेखी कळवाव्यात, दोन फेऱ्या याच रकमेत. १० दिवसांत काही न आल्यास मजकूर स्वीकारला असं समजते. आपल्याकडून दुरुस्त्या कोण कळवतील त्यांचं नाव आणि त्यांच्या अनुपस्थितीत कोण, ते कळवावं. पूर्ण रक्कम मिळाल्यावर छपाईचे आणि डिजिटल हक्क आपले, जगभरासाठी, कायमचे. अनुवादक म्हणून नाव आतल्या पानावर. काम मध्येच थांबल्यास तोवर झालेल्या पानांचे पैसे. माझा उद्यम क्रमांक खाली दिला आहे. हे मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावं, म्हणजे सुरुवात करते.’

उत्तर आलं आणि ॲडव्हान्स जमा झाला की मी फाइल उघडते. उत्तराऐवजी फोन आला, तर बोलून झाल्यावर जे ठरलं ते पुन्हा लिहून त्याच मेलच्या साखळीत पाठवते. ती साखळी मी काम संपल्यावरही जपून ठेवते, कारण थकलेल्या पैशांसाठी दिवाणी दावा लावायला कायद्याने तीन वर्षांची मुदत दिलेली आहे.